हे काढू नये, आचार्याचे आचार्य होतात : जुन्या कोडातलं एक विचित्र ठिगळ

नवाकोरा (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात एका छोट्या कंपनीत चार महिन्यांपूर्वी लागलो. पतसंस्थांचं सॉफ्टवेअर आहे. सभासद, ठेवी, कर्ज, वसुली, लाभांश, सगळं त्यात. चौदा वर्षांचं जुनं, नऊ लाखांच्या वर ओळी. मला काम दिलंय 'सभासद शोध' सुधारण्याचं. तक्रार अशी की काही नावं टाकली तर सभासद सापडतच नाही, मग काउंटरवरचा माणूस वैतागून त्याच सभासदाचं दुसरं खातं उघडतो.

खोदता खोदता हे सापडलं. नाव सेव्ह व्हायच्या आधी एका फंक्शनमधून जातं. ते नावातलं एक न दिसणारं अक्षर हुडकतं आणि त्याच्या जागी ~ (टिल्डा) घालतं. पडद्यावर दाखवताना, पासबुक छापताना पुन्हा ~ काढून ते अदृश्य अक्षर परत. २१३ जागांहून हे फंक्शन वापरलंय. डोक्यावर एकच कॉमेंट, रोमन लिपीत मराठी. देवनागरीत लिहायची तर: "हे काढू नये. आचार्याचे आचार्य होतात."

बस. ना तारीख, ना नाव. गिटमध्ये, म्हणजे कोडातल्या बदलांच्या नोंदवहीत, पाहिलं तर प्रत्येक ओळीवर एकच कमिट (नोंद), 'एसव्हीएनमधून आणले', म्हणजे आधीच्या नोंदवहीतून. इतिहास तिथेच संपला. टीम लीडला विचारलं तर म्हणाले, "माझ्या आधीपासून आहे, हात लावू नको."

आचार्याचे आचार्य झाले तर बिघडलं काय? आणि पतसंस्थेत आचार्य आले कुठून? काढू की राहू देऊ?

तर्रीबाज | ९:४४

पहिला! रुमाल टाकून ठेवतो, जेवून येतो.

पाचपावलीचा पोट्टा | ९:५१

काऊन बे एवढं टेन्शन घेऊन राहिला? शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला काढून टाक, फोन बंद कर अन् फुटाळा तलावावर मक्याचं कणीस खात बस. सोमवारी आपोआप समजते कायले होतं ते.

वाळ्याची ताटी | १०:१५

पोट्ट्याचं ऐकू नकोस रे बाबा. वीस वर्षं हेच करतेय म्हणून सांगते. २१३ जागांहून वापर म्हणजे ते ठिगळ राहिलेलं नाही, कापड झालंय. आधी तीन गोष्टी बघ. ते अदृश्य अक्षर नेमकं कोणतं? फंक्शनच्या आधी आणि नंतर त्या नावाचं आणखी काय होतं? आणि डेटाबेसात किती नावांमध्ये आज ~ आहे? कॉमेंट लिहिणारा वेडा नव्हता, त्याला घाई होती. असली एका ओळीची कॉमेंट रात्री अकरानंतरच लिहिली जाते.

धुरेकरी | १०:३२

ताई बरोबर बोलल्या. माह्या घरची गोष्ट सांगतो.

कळमेश्वरकडे आमचं वावर. धुऱ्याच्या कोपऱ्यात एक चपटा गोटा आडवा पडून होता, माह्या आज्याच्या काळापासून. वखर अडकते म्हणून काकानं उन्हाळ्यात ट्रॅक्टर लावून काढला. म्हणे बिनकामाचा गोटा. मग मिरगाचा पहिला पाणी आला तसा वरच्या वावरातला सारा लोंढा त्याच कोपऱ्यातून आत. पऱ्हाटीच्या सहा ओळी मातीसकट नाल्यात. तो गोटा पाण्याले वळवून राहिला होता अन् आमाले वाटे नुसता पडून आहे. काकानं दुसऱ्या दिवशी तोच गोटा नाल्यातून वढून आणला, पण पाण्यानं तवरोक आपली वाट करून घेतली होती.

म्हणून म्हणतो, गोटा काढायच्या आधी एक पावसाळा पाय.

मठ्ठा मारके | १०:४०

इंग्रजीत याला चेस्टरटनचं कुंपण म्हणतात: कुंपण का घातलं ते कळेपर्यंत पाडू नये. पण आज्याचा गोटा जास्त आवडला.

शून्यमैल | १०:५८

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून मुद्दाम विरोधी सूर लावतो. 'समजत नाही म्हणून हात लावू नका' हेच धोरण ठेवलं तर दहा वर्षांनी कुणालाच काही समजणार नाही, आणि तोवर २१३ चे ५०० झालेले असतील.

न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातलं नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचं प्रकरण आठवा, १ ऑगस्ट २०१२. वर्षानुवर्षं न वापरलेला कोड तसाच पडून होता. नव्या कामासाठी जुनाच फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) पुन्हा वापरला. आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, तिथे ते जुनं भूत जागं झालं आणि भराभर ऑर्डरी टाकत सुटलं. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान. पुढे कंपनीच दुसऱ्याच्या हातात गेली. न काढलेल्या कचऱ्याचीसुद्धा किंमत असते, एवढंच म्हणणं.

वाळ्याची ताटी | ११:०६

@शून्यमैल, मान्य. पण तो कोड मेलेला होता. इथला जिवंत आहे, रोज चालतोय. आणि तुझ्याच गोष्टीत आठवा सर्व्हर राहिला तो कशामुळे? तपासणारं दुसरं माणूस नव्हतं म्हणून. काढायला माझी ना नाहीच. आंधळेपणाने काढायला ना आहे.

गांधीबाग हिशेबनीस | ११:२०

मी प्रोग्रॅमर नाही, कापडाच्या पेढीवर हिशेब लिहितो, पण ठिगळावर ठिगळ म्हणाल तर आमच्या रोजच्या एक्सेलमध्ये बघा. कोऱ्या खान्यात ६० लिहून त्याला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० येईल. १९०० हे लीप वर्ष नव्हतंच! एक्सेलच्या आधीच्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती. लोटसच्या फायली एक्सेलात जशाच्या तशा उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती चूक जाणूनबुजून उचलली आणि आजतागायत ठेवली आहे. आता दुरुस्त करायची म्हटलं तर जगभरच्या फायलींतल्या तारखा एका दिवसाने सरकतील.

पाचपावलीचा पोट्टा | ११:२३

म्हणजे २९ फेब्रुवारी १९०० ले जन्मलेला माणूस फक्त एक्सेलमध्ये जिवंत आहे. त्याले पतसंस्थेचा सभासद करून घे बे.

नवाकोरा | मंगळवार, दुपारी १:१०

ताई, बघितलं. ते अक्षर युनिकोडातलं (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकांची यादी) यू+२००डी, झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. शोधलं तर कळलं की इमोजी जोडायला वापरतात. आई, बाबा, मुलगी अशी वेगवेगळी इमोजी या जॉइनरने जोडली की एकत्र कुटुंबाचं चित्र होतं. पण हा कोड २०११-१२ चा असणार. तेव्हा पतसंस्थेच्या सभासदाच्या नावात कोण इमोजी घालत होतं?

सध्या एका संस्थेच्या डेटात ~ असलेली ११४० नावं आहेत.

मठ्ठा मारके | १:१८

एकत्र कुटुंबाचं खातं असेल. कर्ता पुढे, बाकीचे जॉइनरने जोडलेले.

तर्रीबाज | १:२५

जेवून आलो. (काल रात्रीचं.) काय चाललंय?

जुना जुळारी | मंगळवार, रात्री ८:०२

मी उशिरा आलो, पण हा धागा बहुधा माझ्यासाठीच निघालेला दिसतो. नागपूरच्या महाल भागात आमचा छापखाना होता. वडिलांनी खिळे जुळवले, मी डीटीपी केलं, आता लग्नपत्रिका आणि वार्षिक अहवाल करतो.

पोरा, तू कॉमेंट चुकीची वाचलीस. तुझा दोष नाही, ती रोमनमध्ये आहे. 'आचार्याचे आचार्य' नाही, 'आचाऱ्याचे आचार्य'. आचारी म्हणजे स्वयंपाक करणारा. त्याचं 'आचाऱ्याचे' होतं. आचार्य म्हणजे गुरू, त्याचं 'आचार्याचे'. रोमनमध्ये दोन्ही सारखेच दिसतात, आणि लिहिणाऱ्याचा सगळा जीव त्याच फरकात अडकलेला होता.

दऱ्या आणि दर्या मोठ्याने म्हणून बघा. सह्याद्रीच्या असतात त्या दऱ्या, कोळ्याचा असतो तो दर्या. एकात र पुढच्या अक्षराच्या अंगाला आडवा लागतो, दुसऱ्यात रफार होऊन डोक्यावर बसतो. हा आडवा र मराठीत फक्त य आणि ह यांच्या आधी येतो. तऱ्हा, कऱ्हाडे, गोऱ्हे, शेतकऱ्यांचे. हिंदीत तो नाहीच. आमच्या खिळ्यांच्या केसमध्ये त्याला वेगळा खण होता. हिंदीसाठी पाडलेल्या टाइपात तो नसायचा, तेव्हा वडील दुसऱ्या केसमधून उसना आणायचे.

आता कॉम्प्युटरचं. युनिकोडात हा र लिहायच्या दोन वाटा आहेत आणि दोन्ही अधिकृत. एक: साधा र, त्याचा पाय मोडा, मग तो अदृश्य जॉइनर, मग य किंवा ह. दोन: नुक्त्याचा ऱ (यू+०९३१), पाय मोडा, मग य किंवा ह. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी 'जे'ची (J) कळ दाबली की हा ऱ येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. पहिल्या वाटेने लिहिलेल्या शब्दातला जॉइनर कुणी काढून टाकला तर गोऱ्हे यांचे गोर्हे होतात, आणि आचाऱ्याचे आचार्य.

तुझ्या कोडात कुठेतरी 'अदृश्य कचरा साफ करणारा' झाडू नक्की आहे. शोध.

वाळ्याची ताटी | ८:०९

काका, दंडवत. 🙏

धुरेकरी | ८:१५

वऱ्हाडी बोलून वऱ्हाडीतलाच र आमच्या ध्यानात आला नाही. कालच 'पऱ्हाटी' लिहून बसलो, 'धुऱ्याच्या' लिहिलं, अन् समोरच उत्तर होतं.

नवाकोरा | ८:५०

काका!!! सापडला झाडू. 'मजकूर स्वच्छ करा' नावाचं एक फिल्टर आहे, सगळ्या इनपुटवर चालतं, आणि त्यात सगळी अदृश्य अक्षरं सरसकट उडवली जातात. कुणीतरी वर्डमधून नावं पेस्ट करायचं, त्यात नको ती अक्षरं यायची, म्हणून लावलेलं असणार. मग गोऱ्हे यांचं गोर्हे व्हायला लागलं. फिल्टर दुसऱ्या टीमचं होतं म्हणा किंवा काय, ते न बदलता या गड्याने झाडूच्या आधी जॉइनरला ~ चा वेश चढवला आणि पलीकडे गेल्यावर उतरवला. चोरवाटेने नेलं बिचाऱ्याला!

आणि शोध का चालत नाही तेही कळलं. शोधाच्या चौकटीत टाइप केलेलं नाव झाडूतून जातं, पण वेश चढवणारं फंक्शन तिथे लावायचंच राहिलं. म्हणजे डेटात 'गोर्~हे', शोधतोय 'गोर्हे'. कसं सापडेल!

शून्यमैल | ९:०५

मग सोपं आहे. सगळ्या डेटावर एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेली अक्षरं एकसारखी करायची युनिकोडची ठरलेली रीत) चालवून टाक, एकच रूप होईल. संपला विषय.

वाळ्याची ताटी | ९:१२

नाही होणार. एनएफसी फक्त र आणि वेगळा नुक्ता असं लिहिलेलं असेल तर त्याचा एक ऱ करतं. जॉइनरवाला आडवा र आणि ऱ-वाला आडवा र यांना युनिकोड एकमेकांचे समतुल्य मानत नाही. नियम आपला आपणच लिहावा लागेल: र, हलंत, जॉइनर दिसलं की ऱ, हलंत. तेही झाडूच्या आधी. एकदा हे केलं की झाडू कितीही फिरू दे, र पडत नाही.

शून्यमैल | ९:१४

बरं. शिकलो. ती शुक्रवारची आयडिया पोट्ट्याची होती, माझी नव्हती, एवढं नोंदवून ठेवा.

जुना जुळारी | ९:३०

आणखी एक. जुन्या डेटातले सगळे ~ डोळे मिटून बदलू नकोस. कुणीतरी खरंच ~ लिहिलं असेल. फक्त 'र, हलंत, ~' असा क्रम असेल तिथेच बदल कर. बाकीचे कागदावर छापून घे आणि माणसाने वाच. आम्ही प्रूफ असंच वाचायचो. यंत्र चूक शोधतं, पण ती चूक आहे की मुद्दाम लिहिलंय, ते त्याला कळत नाही.

गांधीबाग हिशेबनीस | ९:४१

यादीचा क्रमही बदलणार बरं का! आमच्या पतसंस्थेत सभासद यादी अकारविल्हे लागते आणि आमसभेच्या आधी फलकावर लावतात. आज गोऱ्हे हे गोर्लेवारांच्या वर असतील, कारण ~ चा क्रमांक सगळ्या देवनागरीच्या आधी लागतो. तुम्ही ऱ केला की ते खाली जातील, ऱ हा र च्या नंतर येतो म्हणून. कुणीतरी फलकासमोर उभं राहून 'माझं नाव कुठे गेलं' विचारणारच. आमच्याकडे एकदा नुसता अनुक्रमांक बदलला तर सभा अर्धा तास लांबली होती, आणि चहा एकदाच सांगितलेला होता.

मठ्ठा मारके | ९:४५

अवांतर: त्या सभेत आचारी होता की आचार्य?

कुमुदिनी | ९:५८

अवांतराला माझंही. शाळेत शुद्धलेखनात बाई 'दऱ्याखोऱ्यांतून' घालायच्या आणि अर्ध्या वर्गाचा रफार व्हायचा. आता लेकीला फोनवर तिचा नोटीसबोर्ड टाइप करून देते तर मलाच तो र कुठून आणायचा ते कळत नाही. आज कळलं. या धाग्याची वाचनखूण साठवली.

नवाकोरा | पुढचा शनिवार, सायंकाळी ६:२०

अपडेट. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

कोड लिहायच्या आधी आमच्या एका ग्राहक संस्थेत गेलो. धुरेकरी दादांचा गोटा डोक्यातून जात नव्हता. शाखा गावात, दोन खोल्या, बाहेर ४५ डिग्री आणि आत एक कूलर. त्याच्या पाण्याच्या टाकीला वीट टेकवलेली (विचारलं नाही का ते. शिकतोय). काउंटरवर एक काकू, पंधरा वर्षं तिथेच. म्हटलं, "काकू, गोऱ्हे नावाचा सभासद शोधून दाखवता?"

त्यांनी कीबोर्डकडे न बघता टाइप केलं: गो, र, पाय मोडला, ~, हे. एंटर. सापडला!

मी बघतच राहिलो. मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेली एक चिठ्ठी होती, टेप पिवळी पडून सुटत आलेली. निळ्या पेनाने लिहिलेलं: "गोऱ्हे, कऱ्हाडे, बोऱ्हाडे, पाऱ्हे = र चा पाय मोडून अळी." अळी म्हणजे ~. त्यांनीच शोधलेलं. एकदा पासबुक छापताना प्रिंटरवर कच्चं नाव उमटलं, त्यात ती वळवळ दिसली, तेव्हापासून शोधतानाही अळी टाकायची. नवीन मुलगी लागली तिलाही पहिल्या दिवशी हेच शिकवलं. आणि आमच्याकडे तक्रारी येतात त्या ज्या शाखांना अळी माहीत नाही त्यांच्या.

म्हणजे हे फंक्शन २१३ जागी नाही, २१४ जागी आहे. शेवटची काकूंच्या बोटांत. ती कुठल्याही कोडशोधात सापडली नसती.

मग केलं ते असं. ताईंचा नियम झाडूच्या आधी लावला. शोधात तिन्ही रूपं, म्हणजे अळीवालं, जॉइनरवालं आणि ऱ-वालं, एकाच रूपात आणून मग जुळवतो. अळी टाकली तरी सापडणार, वर्षभर तरी. जुनं फंक्शन लगेच काढलेलं नाही. जुनं आणि नवं दोन्ही चालवून दोन्हींची उत्तरं जुळतात का ते लॉगमध्ये लिहितोय. आठवडाभरात फरक आला फक्त तीन ठिकाणी, तिन्ही एका एक्सेल आयातीतले. लीड म्हणाले महिनाभर बघू, मग जुनं फंक्शन एकेका जागेवरून काढू. यादीचा क्रम बदलणार हे संस्थांना आधी कळवलंय. हिशेबनीस काका, चहा दोनदा सांगायला सांगितलाय.

पाचपावलीचा पोट्टा | ६:२६

अळी!!! कापसावर बोंडअळी अन् कोडमध्ये गोऱ्हेअळी. फवारणी कर बे.

वाळ्याची ताटी | ६:४०

शाब्बास. हे बाकी कुणी सांगितलं नसतं तुला, जाऊनच कळायचं होतं. कॉमेंटचं काय केलंस?

नवाकोरा | ६:४८

ठेवली ताई. देवनागरीत लिहिली, ऱ घालून. खाली तारीख आणि तीन ओळींत कारण.

तर्रीबाज | ६:५५

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते फंक्शन छापून मारबतीच्या पुतळ्याला बांधा. इडा, पिडा, टिल्डा घेऊन जा गे मारबत!

धुरेकरी | ७:०२

एक नंबर. पण मिरग गेल्याशिवाय बांधू नको.

जुना जुळारी | ७:३०

आणि ते बाकीचे ~? छापून वाचलेस का?

नवाकोरा | ७:४१

वाचले काका. ११४० पैकी सहा निघाले जिथे आधी र नव्हता. चार नावांत अर्ध्या अक्षरापुढचा जॉइनर होता, तो नुसता दिखाव्याचा, काढला तरी अर्थ बदलत नाही. एका सभासदाच्या नावापुढे कुणीतरी पत्ताच लिहून ठेवलाय, 'रेल्वे फाटकापासून ~ २०० मी.' तो खरा ~ निघाला. बरं झालं सांगितलंत.

सहावं नुसतं 'वामन~' आहे. आडनाव नाही. खातं २०१३ चं, शिल्लक ११० रुपये. काकू म्हणाल्या, सोमवारी रजिस्टर काढून बघते.